कोपऱ्यावरच्या भट्टीतलं क्रंबल

ओटचे डबे आता किराणा दुकानात साबणाच्या वड्यांशेजारी मांडलेले असतात. माझी सून रोज सकाळी ओट भिजवते आणि मला म्हणते, आई, खाऊन तर बघा, तब्येतीला चांगले असतात. मी खात नाही. बिचाऱ्या ओटनं माझं काही वाकडं केलेलं नाही हे मला कळतं, पण डबा दिसला की माझं डोकं फिरतं ते फिरतंच.

सत्तरच्या दशकात सोलापुरात ओट औषधाच्या दुकानात मिळायचे. डॉक्टरांनी सांगितलं तर लोक घ्यायचे आणि दुधात शिजवून आजाऱ्याला भरवायचे. सफरचंदांचंही तसंच. धडधाकट माणसानं सफरचंद खायची आमच्या गल्लीत पद्धत नव्हती. त्यामुळे अप्पा, म्हणजे माझे वडील, एका संध्याकाळी सायकलच्या हँडलला ओटचा डबा आणि सफरचंदांची पिशवी लटकवून आले, तेव्हा शेजारच्या बायका लगेच चौकशीला आल्या, घरात कोण पडलंय म्हणून. कुणी पडलं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला येणार होते.

मुलगा विलायतेत इंजिनियर होता आणि महिनाभराच्या रजेवर आला होता. त्याच्या आईनं मध्यस्थाकडून निरोप पाठवला होता की पोहे-बिहे काही नकोत. मुलाला तिकडं क्रंबल नावाचा गोड पदार्थ फार आवडतो. खाली फळं, वर ओटचा चुरा, आणि सगळं खरपूस भाजलेलं. तो मुलीनं करून ठेवावा, म्हणजे तिकडच्या संसारात तिचा निभाव लागेल का ते समजेल. मी विचारलं, त्याला काय काय करता येतं ते आपण कधी बघायचं? अव्वानं, आमच्या आईनं, डोळे वटारले. त्या वयात माझ्याकडं बघून डोळे वटारणं हे तिचं रोजचंच काम होतं.

अक्का मुलींच्या शाळेत शिकवायची. रंगानं सावळी. पोह्यांच्या बशा घेऊन ती आधीही पाहुण्यांसमोर गेली होती, आणि पोहे खाऊन, बशा रिकाम्या करून, ढेकर देऊन लोक नकार कळवत होते. पण या वेळी तिलाच जायचं होतं. तिकडं जाऊन पुढं शिकायचं असं तिच्या मनात होतं, मुलाचा फोटोही तिला आवडला होता. आणि तिला अप्पांचा भरवसा होता. आमच्या काकांशी भांडून त्यांनी तिला कॉलेजात घातलं होतं. अप्पा पाठीशी असताना मला कुणाची भीती, असं ती मला नेहमी सांगायची. मीही ते खरं मानत होते.

शाळेतल्या गृहविज्ञानाच्या बाईंना विचारून तिनं कृती समजून घेतली. अडचण भाजायची होती. आमच्या घरात चूल होती, स्टोव्ह होता, ओव्हन हा प्रकार आम्ही चित्रातच पाहिलेला. उपाय अप्पांनीच काढला. रात्री जेवताना ते म्हणाले, "कोपऱ्यावरच्या भट्टीवर न्या की. नानकटाई न्हाय का भाजत आपण तितं?"

खरंच होतं ते. कोपऱ्यावर एका मुसलमान कुटुंबाची बेकरी होती. दिवाळी आली की सगळी गल्ली, आमच्यासारखी शाकाहारी लिंगायत घरं, विणकरांची तेलुगू घरं, झाडून सगळे, घरी मळलेल्या नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन त्या भट्टीपुढं रांग लावायचे. आपला पत्रा ओळखायला यावा म्हणून कुणी कोपऱ्यात बदाम खोचायचं, कुणी चारोळी. आम्ही वेलदोडा खोचायचो. त्या वर्षीची दिवाळी नुकतीच झाली होती आणि आमचा नानकटाईचा डबा अजून निम्मा भरलेला होता.

पाहुणे यायच्या दिवशी अक्काची सकाळची शाळा होती. ती जाताना सांगून गेली, ओट काढून ठेव, आल्यावर करते. अव्वानं डबा फोडला. आत पोह्यांसारखंच काहीतरी दिसलं. मग अव्वानं पोह्यांचं करतात तेच केलं. सगळे ओट चाळणीत घेतले, दोन पाण्यांनी स्वच्छ धुतले, वर पाण्याचा हबका मारला आणि मऊ व्हायला झाकून ठेवले. अक्का परत आली तेव्हा चाळणीत खळ तयार झाली होती. आमच्याकडं चादरीच्या सुताला लावतात तसली.

मी अव्वावर इतकी ओरडले की शेजारी ऐकू गेलं असणार. अव्वा कोपऱ्यात बसून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "न धुता कसं खायचं गं? दुकानातलं हाय ते." दुसरा डबा आणायला वेळ नव्हता. अक्का मात्र ओरडली नाही. तिनं पदर खोचला, ज्वारी तव्यावर भाजली आणि मला जात्याशी बसवून जाडसर भरड काढायला लावली. तिच्यात शेंगदाण्याचं कूट, गूळ आणि तूप घालून तिनं ते बोटांनी चोळलं. पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे त्याचा मोकळा चुरा झाला. खाली सफरचंदाच्या फोडी, त्या पुरेनात म्हणून पेरूच्या, बिया काढून. वर चुरा. कोपऱ्यात सवयीनं वेलदोडा खोचला आणि आम्ही दोघी पत्रा घेऊन भट्टीवर गेलो.

बेकरीवाले चाचा पाव काढत होते. पाव निघाल्यावर आच उतरली, तेव्हा त्यांनी लांब दांड्याच्या फळीनं आमचा पत्रा आत सरकवला. त्यांनी विचारलं, "आज क्या है बेटी, दिवाली तो हो गयी?" अक्का लाजली. चाचांना काय ते समजलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. लग्नाचा लाडू आणून द्या म्हणाले. रस्ताभर गुळाचा आणि पेरूचा असा वास सुटला होता की मी पत्र्यावरचा कागद उचलून सारखी बघत होते.

पाहुणे आले. मुलाची आई खुर्चीत ऐसपैस बसली. टेबलावर नानकटाईची बशी होती. गप्पा मारता मारता तिनं बऱ्याच नानकटाया खाल्ल्या. मग अक्का वाट्या घेऊन आली. मुलानं पहिला चमचा घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, माझी घरमालकीण दर रविवारी करते, पण हे जास्त खमंग आहे, वर काय घातलंय? अक्कानं ज्वारी सांगितली तेव्हा तो मोठ्यानं हसला आणि अक्काही हसली. मी दाराआडून बघत होते. मला वाटलं, जमलं.

त्याच्या आईनंही वाटी संपवून आणखी मागून घेतलं. आणि खाता खाता तिनं विचारलं, भाजलं कुठं?

अक्कानं सरळ सांगितलं, कोपऱ्यावरच्या भट्टीत.

मुलाच्या आईचा चमचा थांबला. वाटी तिनं खाली ठेवली, टेबलावर नाही, जमिनीवर, पायाशी. "त्यांच्या भट्टीत? अंड्याचे केक भाजतात तितं. आणि हे आम्हाला खायला घातलं?" असं ती अक्काला नाही, अप्पांना म्हणाली. तिच्या पेठेतसुद्धा अशीच भट्टी होती आणि दिवाळीत तिचेही पत्रे तिथंच जायचे. अख्ख्या सोलापुरात कुणाचे जात नव्हते? आणि समोर नानकटाईची रिकामी बशी होती.

अक्कानं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी एक शब्द बोलायचा होता. ही नानकटाईपण तिथलीच आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं.

अप्पा म्हणाले, "पोरीनं न विचारता केलं. आमच्या घरात असलं चालत न्हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दारातून पुढं होणार तर अव्वानं माझा दंड धरला. किती घट्ट धरला होता तिनं. त्या घरात त्या दिवशी जोर म्हणून जो काही होता तो मला गप्प बसवण्यात गेला.

अक्का मुलाकडं वळली. हळू आवाजात तिनं विचारलं, "तुमच्या घरमालकिणीच्या ओव्हनमध्ये काय काय भाजतात, ते तुम्ही कधी विचारलंत?"

मुलानं आईकडं बघितलं. मग स्वतःच्या वाटीकडं बघितलं. ती चाटूनपुसून रिकामी झाली होती. विलायतेहून आलेला तो एवढा थोरला बाप्या, त्यानं ती रिकामी वाटी उचलली आणि आईच्या वाटीशेजारी जमिनीवर ठेवली. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा मला त्याची वाटी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटते.

ते गेले. मी अप्पांशी बोलणं टाकलं. अक्कानं टाकलं नाही. ती त्यांना चहा देत होती, विचारतील त्याचं उत्तर देत होती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. पत्रा घासून तिनं खुंटीला अडकवला. उरलेलं क्रंबल डब्यात भरून चाचांना देऊन आली. त्यांना काय सांगितलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, लाडूचं काही सांगितलं नाही.

आठवडाभरानं मध्यस्थ होकार घेऊन आला. मुलाला मुलगी पसंत होती. झालं गेलं विसरायला त्याची आई तयार होती. अप्पांनी देवापुढं साखर ठेवली, अव्वाच्या डोळ्यांना पाणी आलं. सुपारी फोडायला पाहुणे पुन्हा येणार होते आणि मुलानं त्याच गोडाची आठवण काढली होती. फक्त या वेळी भट्टीतलं नको, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. मध्यस्थाच्या ओळखीत कुणाकडं तरी विजेचा ओव्हन होता.

अप्पा खुशीत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि अक्काला म्हणाले, "ते परवाचं कर की गं पुन्हा. लई झकास झालं हुतं."

अक्का भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, हात पुसले.

"त्यांना कळवा, अप्पा," ती म्हणाली. "आमच्या घरात असलं चालत नाही."