एंटरवरचं कुंकू

भाजलेल्या ओव्याचा वास घरभर पसरला होता, आणि त्या वासातच सुनंदाच्या भावाचा फोन आला. ताई झोपेतच गेली, म्हणाला. मी गॅस बंद केला. ओवा करपला होता, हे मला संध्याकाळी कळलं...

घाटकोपरच्या आमच्या सरकारी कार्यालयात खरेदी, भांडार, लेखा असे सारे विभाग एकाच संगणक प्रणालीत आणायचे ठरले, तेव्हा ते काम सुनंदाकडे आणि माझ्याकडे आलं. पडद्यामागची जुळणी माझी, माणसांना शिकवणं तिचं. जन्मभर शाईने लिहीत आलेली ती माणसं कीबोर्डला हात लावायला बिचकत. एकदा एंटर दाबलं की खाडाखोड नाही, ही त्यांची धास्ती. सुनंदा आपल्या पितळी डबीतला भाजलेला ओवा त्यांच्या तळहातावर ठेवी आणि पाठीशी उभी राहून हलकेच म्हणे, "दाबा." बोट खाली जाई.

प्रणाली सुरू व्हायच्या सकाळी भांडारातल्या गावडेकाकांनी, दसऱ्याला यंत्रांना वाहतात तसं, सुनंदाच्या कीबोर्डवर ओलं कुंकू वाहिलं. एंटरचं बटण चिकटून बसलं. "वाट लागली!" मी पुटपुटले. सुनंदा पूजाअर्चा न मानणाऱ्या घरातली. तरी पुसायला निघालेला माझा हात तिने धरला. "राहू दे गं. त्यांना धीर येतो ना त्याने!" मग काकांकडे वळून म्हणाली, "काका, तुमचा देव जरा जड झालाय. जोर लावा." सारे हसले. पहिली नोंद झाली.

ती जाऊन काही आठवडे लोटले. प्रणालीला ते ठाऊक नाही. मंजुरीचे प्रस्ताव अजून तिच्या नावाशी येऊन थांबतात, बंद दारापाशी चपला काढून उभं राहावं तसे. काल गावडेकाका आले. "मॅडम, पंपाचे भाग अडकलेत. ताईंचं नाव बंद केल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. पण ते तुम्हीच करा, दुसरं कोणी नको."

मी तिच्या खुर्चीत बसले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पडद्यावर तिचं नाव, आणि खाली प्रश्न... कायमचं बंद करायचं? एंटरच्या कडेला कुंकवाची रेघ आता तपकिरी झाली आहे. बोट तिथे टेकलं आणि तिथेच राहिलं.

मागे सुनंदाच्या पितळी डबीचं झाकण खट्कन उघडलं. काकांनी माझ्या तळहातावर चिमूटभर ओवा ठेवला. ते पाठीशी उभे राहिले, आणि हलकेच म्हणाले,

"दाबा."