ज्याचं आहे, त्याला पटलं का?

मेडशीजवळच्या आमच्या गावी काळबांडे गुरुजी नागरिकशास्त्र शिकवत. धर्मांचा धडा आला की पुस्तक मिटून ठेवत. आपला धर्म सांगायचा नाही, दुसऱ्याचा सांगायचा, हा त्यांचा नियम. सांगून झालं की ज्याच्या घरचं ते असेल त्या पोराला उभं करत आणि विचारत, "ज्याचं हाय त्याले पटलं का?" त्यानं मान हलवली तरच सांगणारा खाली बसे. कोणी खरं-खोटं काढलं की म्हणत, "ते तुह्या घरी ठरव. इथं ते काय मानतात तेवढं सांग."

मी बौद्ध वस्तीतली. माझ्या वाट्याला महालक्ष्म्या, म्हणजे भादव्यातल्या गौरी, आल्या आणि पाटलाच्या वसंताच्या वाट्याला आमची धम्मदीक्षा. पुस्तकात तिच्या दोनच ओळी. म्हणून तो विचारायला आमच्या घरी आला. मायनं देव कसे सोडले ते सगळं त्यानं तिच्याकडून ऐकलं, तहान लागली तर पाणी मागून प्यायला. दुसऱ्या दिवशी वर्गात अडखळत का होईना, पण नीट बोलला. गुरुजींनी मला उभं केलं. मला इतकं पटलं होतं की रडूच आलं.

पण ते पाणी गावभर झालं. पाटील तर खवळलाच. आमच्या वस्तीत माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठे बाबा, तेही खवळले. "छप्पन साली देव सोडले ते काय पोरीनं शाळेत महालक्ष्म्या सांगाले?" जन्मात शेजारी न बसलेली ही दोन माणसं एसटीत एका बाकावर बसून अकोल्याला गेली. तेव्हा आमचा जिल्हा तोच. मास्तर पोरं बाटवून राह्यला, असं दोघांनी एकमुखानं शिक्षण खात्याच्या साहेबाला सांगितलं. गावात एवढी एकी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

दिवाळीच्या आत बदली झाली. गुरुजी ट्रंक घेऊन स्टँडवर उभे होते. निरोपाला मी एकटी. समोरच्या हॉटेलात पाटलानं खुशीत मोठ्या बाबांना चहा पाजला. पाटलाला कपबशी. मोठ्या बाबांनी बाहेर छपराच्या कवेलूखाली ठेवलेला, आमच्या वस्तीचा ग्लास स्वतः विसळून पुढं केला. पोऱ्यानं वरून चहा ओतला. गुरुजींनी ते पाहिलं. गाडीत चढताना एवढंच म्हणाले, "मोठ्या बाबाले इचारजो, पटलं का."

संध्याकाळी मी विचारलं. फाडकन थोबाडीत बसली. गुरुजी पुन्हा कधी दिसले नाहीत. वारल्याचंही फार उशिरा कळलं. मोठे बाबा मात्र मला मारलं त्या रात्री जेवले नाहीत.