तिसऱ्या पिकअपची किल्ली

मला मिरज स्टेशनवर सोडायला सासरची मंडळी टॅक्सी घेऊन आली होती. मी बसले अण्णांच्या टेम्पोत. अण्णा म्हणजे माझे वडील, ते त्यातून गुळाच्या ढेपा वाहायचे, सीटला कायम गुळाचा वास. सासूबाई कुजबुजल्या, "कॅनडाला निघालेली सून, आणि टेम्पोतून?" अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं सीट पुसली आणि म्हणाले, "पुढं बस." स्टेशन येईपर्यंत एवढंच बोलले, "गाडी मागंल त्याला द्यायची. पण किल्ली परत मागून घ्यायला लाजायचं न्हाई."

कॅनडात वॉटर्लूला आले तेव्हा आपल्या सगळ्या मंडळींकडे लांबलचक गाड्या होत्या. मी यांच्या मागे लागून सेकंडहँड जपानी पिकअप घ्यायला लावली. लहानशी, बसकी, मागे उघडा हौदा. लायसन्सची टेस्ट मी तिच्यावरच दिली, साडी आणि स्नो बूट घालून. रिकामी पिकअप बर्फात मागून घसरते, म्हणून हौद्यात वाळूची पोती टाकायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पावसात रिकामा टेम्पो कसा ढुंगण हलवतो ते मी लहानपणापासून बघत आले होते.

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ नेऊन करायच्या जेवणाला, पार्किंगमध्ये माझी पिकअप बघून एक डॉक्टरीणबाई हमखास विचारायच्या, "प्लंबिंगचा धंदा काढलात का हो?" मी म्हणायचे, "काढला तर पहिला नळ तुमचाच बघेन." त्याच बाईंचा डीप फ्रीझर पुढे मीच वाहून आणला. तासाभरावरच्या वॉन शहरातल्या वेअरहाउसमधून मंडळाचा गणपती आणायचा झाला, तेव्हा तर कुणाच्याच गाडीत बाप्पा मावेनात. गोधडीत गुंडाळून मी आणले, फोर-ओ-वन हायवेच्या उजव्या लेनमधून, हळूहळू. मागून हॉर्न वाजत होते. वाजू देत म्हटलं.

पहिली पिकअप बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं खाल्ली, पायाखालचा पत्रा जाऊन रस्ता दिसायला लागला. दुसरीचंही तेच. तिसरी, लाल, अजून आहे. हे गेल्यावर तीच माझी सोबत. नाशिक-लातूरकडची कॉलेजची पोरं येतात, "काकू, भाड्याचं बेसमेंट बदलतोय, तुमचा पिकअप ट्रक मिळेल का?" गाद्या, टेबलं, कुकर, सगळं भरून मी निघते.

यंदा बर्फ वितळल्यावर माझा मुलगा अमोल वॉनहून आला. ट्रक जरा चालवून बघतो म्हणाला आणि एकुलती एक किल्ली खिशात घालून आपल्या गाडीनं निघून गेला. मग फोन. "मॉम, इट्स नॉट सेफ. मी ती विकतोय." माझं डोकंच फिरलं. गाडी माझी, दारात माझ्या, आणि मी खिडकीतून नुसती बघत बसायचं? दुसऱ्या दिवशी बस बदलत बदलत त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मॉम? कम इन, चहा टाकतो."

"चहा नको. किल्ली दे."

"यू आर सेव्हंटी-फोर. काही झालं तर?"

"ब्रेक नवे आहेत, टायर नवे आहेत, डोळे मागच्याच महिन्यात तपासलेत. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी मी आपणहून देईन. तू घ्यायची नाही."

तो आत गेला. मग ड्रॉवर उघडून किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मिरजेचं घर पाडून भावानं फ्लॅट बांधले, अण्णांचा टेम्पो भंगारात गेला. तिकडचे विचारतात, परत कधी येणार? इकडचे विचारतात, घर विकून कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये कधी जाणार? दोघांनाही सांगते, मी कुठं जायची नाही. ज्या गावात लोक गाडी मागायला माझं दार वाजवतात, तेच माझं घर. कुणाला पटो न पटो.

मागच्या शनिवारी अमोललाच फ्रिज हलवायचा होता. आला, इकडचं तिकडचं बोलला, शेवटी ट्रक मागितला. दिला. संध्याकाळी परत आला तेव्हा मी दारातच हात पुढे केला आणि किल्ली मागून घेतली.