प्रेडिक्ट म्हणजे कौल नव्हे

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आबा तुर्भ्याच्या बाजारात गोणी वाहायचे, आई घरी बसून लसूण सोलायची. तळवलीत एका खोलीत आम्ही पाच जण. अभ्यासाला जागा म्हणजे दाराचा उंबरा. तिथंही येणारा-जाणारा म्हणायचा, "सरक गं जरा." तरी बारावीला मला ब्याऐंशी टक्के पडले.

त्याच वर्षी इंग्रजीच्या बाईंनी 'प्रेडिक्ट' हे क्रियापद शिकवलं होतं. पुढे काय होणार ते आधी सांगणे, हा अर्थ सगळ्यांनी लिहून घेतला. बाई म्हणाल्या, "अर्थ पाठ करून भागत नाही. वापरायचं कधी? हातात काही आधार असेल तेव्हा. ढग बघून पाऊस सांगितला तर प्रेडिक्ट. ज्योतिषी सांगतो त्याला फोरटेल म्हणा. नुसतं मनात आलं तर गेस."

मला ते पक्कं समजलं. घरी कोणाला समजवणार?

कॉलेजच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला तरी आबा सही करेनात. "तात्याला कौल लावाय सांगितलाय," एवढंच म्हणायचे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. गावच्या देवाची पूजा त्यांच्याकडे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. देवाची उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"आबा, मार्कशीट बघा की! मी पुढं पास होणार का नाही, ते त्यावरून कळतं. त्यालाच प्रेडिक्ट म्हणतात."

"मार्क मागचं सांगत्यात. फुडचं द्येव सांगतो."

डोकंच फिरलं माझं. दोन वर्षं घासून मिळवलेला कागद ट्रंकेत, आणि माझं कॉलेज एका झेंडूच्या पाकळीवर!

तात्यांनी व्हिडिओ कॉल लावला. आपणही दिसावं म्हणून देवाकडे पाठ करून उभे राहिले आणि मोबाईलमध्येच बघत बसले. पाकळी पडली.

"डावी! न्हाई म्हनतोय द्येव."

पण आमच्या मोबाईलवर मला स्वच्छ दिसलं होतं. मी ओरडले, "तात्या, उजवी पडली! तुम्हाला स्क्रीनवर आरशासारखं उलटं दिसतंय. मागं वळून बघा!"

"द्येवाम्होरं वाद घालती व्हय गं?"

"वाद नाही, तात्या. नुसती मान वळवा!"

मान वळवायला त्या माणसानं पाच मिनिटं घेतली. आधी मला शिकवण, मग आबांना शिकवण, मग पोरी शिकल्या की कशा बिघडतात ते. शेवटी आबाच वैतागले. "तात्या, बघ की बाबा एकदा."

तात्या वळले. डावी पाकळी खांद्यावर तशीच चिकटलेली होती.

"मोबाईल उलटं दावतोय जनू," तात्या पुटपुटले आणि फोन ठेवला.

आबांनी लगेच सही केली. आई हसत रडत होती. मी मात्र दिवसभर धुमसत होते. ब्याऐंशी टक्के कोणी पाहिले नाहीत. मोबाईल उलटं दाखवतो हे मात्र सगळ्यांना पटलं.

पहिल्या वर्षाच्या पेपरात 'प्रेडिक्ट' वाक्यात वापरा असं आलं. मी इंग्रजीत लिहिलं, "माझी मार्कशीट बघून माझ्या वडिलांना माझा निकाल प्रेडिक्ट करता आला असता." पूर्ण मार्क मिळाले.

तीन वर्षांनी मी बी.कॉम. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.