माझ्या घरचं पाणी

मी कमलनगरच्या एका बौद्ध मास्तराशी लग्न केलं, त्या दिवशी हळ्ळीखेडला माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, माझ्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी, भर अंगणात, गल्लीतली चार माणसं बोलावून. आम्ही लिंगायत. जातपात मोडून काढणाऱ्या बसवण्णांचं नाव घरात उठता-बसता घेतलं जातं, पण माझ्या लग्नाच्या वेळी ते कुणाला आठवलं नाही. सहा वर्षं मी मेलेली होते आणि झकास संसार करत होते.

मग अण्णाला रक्ताचा कॅन्सर झाला. केमोनं हटला, वर्षाच्या आत परत आला. हैदराबादच्या डॉक्टरांनी शेवटचा उपाय सांगितला. माणसाच्या रक्तात काही पेशी जन्मजात मारेकरी असतात. खराब पेशी दिसली की मारायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. अण्णाच्या थकल्या होत्या. जवळच्या नातलगाच्या काढून त्याला द्यायच्या. अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, वय आणि साखर आडवी आली. त्याची पोरं लहान. डॉक्टरांनी विचारलं, "भावंडं?"

"न्हाईत," अण्णा म्हणाला. शेजारी बसलेल्या अव्वानं मान डोलावली.

महिन्यानं ती एकटीच जीपनं माझ्या दारात आली. हे सगळं तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं.

"चल पोरी. अण्णा हातचा जायलाय."

"कामून? मेलेल्या माणसाचं रक्त चालतंय व्हय?"

ती रडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. मी अट घातली. अण्णानं स्वतः यायचं, माझ्या घरात बसायचं आणि पाणी प्यायचं. माझ्या माहेरच्या माणसांनी या बौद्ध वस्तीत आजवर घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

"आजारी माणसाला काय अडवायलीस? जा आधी," नवरा म्हणाला. मी त्याचं ऐकलं नाही.

अण्णा आठ दिवस हटून बसला आणि नवव्या दिवशी आला. गाडीतून उतरला तेव्हा मी ओळखलंच नाही. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. कपाळावर विभूती मात्र ठसठशीत. अव्वाच्या हातात पाण्याची बाटली होती.

"उकळलेलं हाय," ती घाईनं म्हणाली. "दुसरं पाणी डॉक्टरनं बंद केलंय. त्याला कायबी सोसंना झालंय."

"बाटली ऱ्हाऊ दे," मी म्हटलं आणि माठातलं पाणी तांब्यात भरून आणलं. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो. ते साठवणीचं पाणी होतं. उकळायला दहा मिनिटं लागली असती. मी उकळलं नाही.

अण्णानं मास्क खाली ओढला आणि माझ्याकडं न बघता अख्खा तांब्या रिकामा केला.

"झालं का? चल आता."

हैदराबादला माझं रक्त तपासायला घेतलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण जुळणाऱ्यापेक्षा अर्ध्या परक्या माणसाच्या पेशी कधीकधी जास्त जोरात मारतात. मी म्हटलं, अर्धं परकं राहायची मला सवय आहे. अण्णा हसला, सहा वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले, मग ताप. जंतू रक्तात उतरले. माझा रिपोर्ट आला तेव्हा तो व्हेंटिलेटरवर होता. रिपोर्ट छान होता, हवा तसा अर्धा जुळलेला. त्या पेशी माझ्या अंगातच राहिल्या. दोन दिवसांनी अण्णा गेला.

डॉक्टर बाहेर आले. कागद भरता भरता त्यांनी विचारलं, "मधे बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं होतं का?"

अव्वानं माझ्याकडं पाहिलं. तिनं मला शिव्या घालाव्यात, सगळ्यांदेखत माझं नाव घ्यावं असं मला वाटत होतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"बाहेरचं कायबी न्हाई, डॉक्टरसाब," ती म्हणाली. "फकस्त बहिणीच्या घरी पाणी पिला."