भावजी आणि गाडीचा खोकला

माणसाची नाडी बघणारे वैद्य पुष्कळ असतील, पण गाडीचा खोकला ऐकून तिचं दुखणं सांगणारा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच, आमचे धाकटे भावजी. तरुणपणी ते एका शेटकडे ड्रायव्हर होते. शेटनं गाव सोडताना आपली दोन माणसांची, छप्पर दुमडणारी जुनी स्पोर्ट्स गाडी यांच्या हवाली केली, आणि तेव्हापासून गाडी सावलीत, भावजी उन्हात. तिला पुसायला धुतलेलं धोतर. आत बसायचं तर चप्पल काढून मांडीवर घ्यायची. सुरू करताना भावजींनी एक बोट वर केलं, की घरातला कुकरसुद्धा बंद करायचा. माझ्या मुलीच्या लग्नात तर नवरदेवाची मिरवणूक याच गाडीतून येत असताना यांनी चालता बँड थांबवला, गाडीला कान लावला आणि म्हणाले, "पट्टा तुटनार." बँडवाले चिडले. पुढच्या नाक्यावर पट्टा तुटला, आणि जावईबापू मांडवात पायी आले.

यांचा मुलगा निलेश. मानकोलीची जमीन गोदामाला दिली आणि त्यानं लालभडक नवी स्पोर्ट्स गाडी आणली. इतकी बुटकी, की बसताना पाटावर बसल्यासारखं वाटतं आणि उठताना दोघांनी ओढावं लागतं. गतिरोधक आला की बिचारी तिरकी होऊन लाजत लाजत चढते. पण हुशार हो. चाकात हवा कमी झाली तर पडद्यावर लिहून दाखवते. भावजींना नेमकं तेच खुपलं. "स्वतःचं दुखनं स्वतःच सांगते," म्हणाले, "मंग धन्यानं करायचं काय?"

एका रविवारी मी आणि भावजी गुडघे शेकायला अकलोलीच्या गरम कुंडावर निघालो होतो. निलेशनं आधी बापाला आग्रहानं नव्या गाडीत बसवलं आणि ती सुरू केली. कोंबड्या उडाल्या, कुत्रं बाजेखाली गेलं. भावजी बोट वर करून शांत बसलेले. जरा वेळानं म्हणाले, "आता चालू कर ना."

"अप्पा, चालूच हाय," निलेश म्हणाला, "सगला पाडा जागा झाला."

"हिला आवाजच न्हाय," भावजी म्हणाले. सगळे खो खो हसले. मीही हसले, पण माझी नजर त्यांच्या डाव्या हाताकडे गेली. तळवा दाराला घट्ट चिकटवून ते काहीतरी चाचपत होते.

मग आम्ही दोघं जुन्या गाडीतून निघालो. अर्ध्या वाटेत पुढून खडखड सुरू झाली. मला, बाईमाणसाला, ऐकू येत होती. भावजी आपले मजेत चालले होते. शेवटी मी त्यांच्या खांद्याला हात लावून मोठ्यानं म्हटलं, "भावजी, खडखडतंय."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं आणि विचारलं, "कवाधरनं?"

"मघापासून."

"वयनी, निल्याला सांगू नको. चावी काढून घेल."

"नाही सांगत," मी म्हटलं, "पण यापुढं माझ्याशिवाय गाडी काढायची नाही."

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या शेजारी असते, आणि मला चप्पल घालून बसायची मुभा आहे. भावजी अजूनही बोट वर करतात, कुकर बंद होतो, आणि मग ते हळूच माझ्याकडे बघतात. परवा गाडी अगदी छान चालू झाली. पण त्यांचा तो आशेनं वळलेला चेहरा बघून मी म्हटलं, "जरा खोकतेय."

"वाटलंच मला," असं म्हणून त्यांनी बोनेट उघडलं आणि अर्धा तास तिथंच रमले.