सेवेरिनचं रॉटरडॅम

ग्रोसोय बेटावर सेवेरिन नेसविकइतका सरळ माणूस दुसरा नव्हता, आणि त्याचा लोकांना थोडा त्रासच व्हायचा. मेंढी विकायला काढली की गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी तो सांगायचा, मागच्या डाव्या पायानं जरा लंगडते. रविवारी तो कामाला हात लावत नसे. एका रविवारी वादळानं खुराड्याचं छप्पर उडवलं, ते त्यानं सोमवारी बसवलं आणि तोवर चौदा कोंबड्या स्वयंपाकघरात ठेवल्या. त्याची बायको गुनवोर त्या रविवाराबद्दल फारसं बोलत नाही.

खोटं तो आयुष्यात एकच बोलला. पण ते प्रार्थनाघरात, उभं राहून, सतरा वर्षं.

दर ऑक्टोबरात आमच्याकडे आठवडाभर सभा असतात. एकेक जण उठून साक्ष देतो, की आपण पूर्वी कसे होतो आणि ख्रिस्तानं आपल्याला कसं बदललं. १९५४ साली शेजारच्या बेटावरचा एक जण उठला. दारूपायी त्यानं आधी बोट विकली होती आणि मग बायकोचा लग्नातला चांदीचा दागिना. बायका रडल्या, पुरुष आपल्या बुटांकडे पाहत बसले. त्यानंतर सेवेरिनची पाळी. त्याच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं, की अकराव्या वर्षी आईशेजारी बसून त्यानं ख्रिस्ताला होकार दिला आणि पुढे त्यात काही बदल झाला नाही. ते त्यानं सांगितलं. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. तेव्हा सेवेरिन बोलून गेला, की तरुणपणी दोन हिवाळे तो मालवाहू जहाजावर होता आणि रॉटरडॅममध्ये त्यानंही बाटली पाहिली आहे.

पाहिली होती, हे खरं होतं. दुरून.

पुढच्या वर्षी लोकांनी रॉटरडॅमचाच आग्रह धरला. एका बाटलीच्या तीन झाल्या. मग एक पोर्तुगीज खलाशी आला, त्याच्याशी मारामारी झाली, आणि मासे साफ करताना सेवेरिनच्या अंगठ्यावर पडलेला व्रण त्या पोर्तुगीजाच्या नावावर गेला. काही वर्षांनी पोर्तुगीज आजारी पडला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या ब्रुनहिल्ड आजी हुंदके देऊन रडल्या.

घरी गुनवोर एकदाच बोलली. "तिथं देव ऐकतो, सेवेरिन. मीही ऐकते. तो पोर्तुगीज दरवर्षी वीतभर उंच होतोय."

सेवेरिननं उत्तरादाखल ओदवारचं नाव घेतलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा ओदवार महिन्यातले निम्मे दिवस शुद्धीत नसायचा. एका ऑक्टोबरात तो टिंगल करायला म्हणून मागच्या बाकावर बसला, त्यानं रॉटरडॅम ऐकलं आणि त्यानंतर हळूहळू त्याची दारू सुटली. त्याला आता चार वर्षं झाली होती. गुनवोरनं भांडी जरा जोरात घासली.

यंदाच्या सभांच्या आधी ओदवार स्वतःच सेवेरिनकडे आला. म्हणाला, शुक्रवारी मी पहिल्यांदा साक्ष देणार आहे, आणि सुरुवात तुझ्या रॉटरडॅमपासून करणार.

सेवेरिनच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. आता दुसरा माणूस देवाच्या घरात उभा राहून त्याच्या खोट्याची ग्वाही देणार होता. आणि आपण खरं सांगून टाकावं, तर ते चार वर्षं ज्याच्या आधारावर ओदवार उभा होता तेच काढून घेतल्यासारखं. दारूचं दुकान बोटीनं तीन तासांवर होतं, आणि बोटीचं वेळापत्रक ओदवारला पाठ होतं.

मंगळवारी वाण्याच्या दुकानात त्यानं विषय काढला. "रॉटरडॅममध्ये" एवढं म्हणताच दुकानदार आणि तीन बायका कान देऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यानं यीस्ट मागितलं. बुधवारी तो ओदवारच्या कारखान्यात गेला आणि इंजिनाखालून बाहेर आलेल्या दोन बुटांना सगळं नीट सांगितलं. इंजिन चालू होतं. ते बंद करून ओदवारनं विचारलं, काही म्हणालास का? सेवेरिन म्हणाला, हवा छान आहे. हवा छान नव्हती, म्हणजे आता खोटी दोन झाली.

शुक्रवारी उपदेशकानं ओदवारचं नाव पुकारलं, आणि उठला सेवेरिन.

"मी रॉटरडॅममध्ये प्यायलो नाही. जहाजावरून उतरलोच नाही. पोर्तुगीज नव्हता. ओदवार, माझ्या नावानं काही सांगू नकोस, ते सगळं खोटं आहे. फक्त तू पुन्हा पिऊ नकोस."

मग ब्रुनहिल्ड आजी म्हणाल्या, "आणि मी त्या पोर्तुगीजासाठी रोज प्रार्थना करतेय, तिचं काय?"

उपदेशक गीतांच्या पुस्तकाची पानं उलटू लागला.

"बस खाली, सेवेरिन," ओदवार उठत म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीन बाटल्या रिचवल्यावर दारूच्या गुत्त्याची पाटी कोणत्या रंगाची होती ते कोणाला आठवतं? तुला तर पाटीवरची अक्षरंसुद्धा आठवत होती. आज तेच सांगणार होतो, जरा सांभाळून."

गुनवोर सभेत कधी बोलत नसे. ती म्हणाली, "मग सोडलीस कशी?"

"हा सोडू देईना म्हणून." लोक हसले, तसं त्यानं पुन्हा सांगितलं. "बेट सोडू देईना, असं म्हणतोय, बोटीला जाऊ देईना. शनिवारी चारला बोट सुटते. हा साडेतीनला माझ्या दारात. जाळी टाकायला चल. पाऊस असो, मी शिव्या घालो. आणि पाण्यात असताना रॉटरडॅमचं अवाक्षर नाही. मला वाटलं, खोटंसुद्धा धड बोलता न येणारा माणूस माझ्यासाठी एवढं करतोय, तर त्यामागे कोणीतरी खरा असला पाहिजे."

तो खाली बसला. साक्ष म्हणून ती फारच छोटी झाली, आणि सभेनंतरची कॉफी अजून उकळायची होती.

प्रार्थनाघराच्या मंडळानं सेवेरिनला दोन वर्षं साक्ष देऊ नये असं ठरवलं. ते त्याला योग्य वाटलं. ब्रुनहिल्ड आजींनी पोर्तुगीजासाठी प्रार्थना चालूच ठेवली. म्हणाल्या, आता सवय झाली आहे, लागेल कोणाला तरी.

शनिवारी दोघं जाळी टाकायला गेले. वल्ही मारता मारता ओदवारनं विचारलं, "मग दोन हिवाळे तू केलंस तरी काय?"

"बटाटे सोलले."

"रोज?"

"रोज. एक पोतं."

"दोन म्हण. ऐकायला बरं वाटतं."

सेवेरिननं जाळं पाण्यात सोडलं आणि जरा विचार केला.

"एकाहूनही थोडं कमीच," तो म्हणाला.